तुटलेला पार्ट आधी जपून ठेवा : सायकलवाल्यांचे प्रश्न

पावसाळा संपला की दरवर्षी हेच होतं. चार महिने पार्किंगच्या कोपऱ्यात उभी असलेली सायकल बाहेर निघते आणि दसऱ्यापर्यंत माझ्याकडे पत्रांचा ढीग होतो. यावेळी जवळजवळ सगळे प्रश्न एकाच वळणाचे आहेत. पार्ट गेला, दुकानदार म्हणतो वापरून गेला, कंपनी म्हणते वॉरंटीत बसत नाही, आता कोणाचं खरं मानायचं. सगळ्यांना जागा पुरणार नाही. पहिल्या प्रश्नाला मुद्दाम जास्त जागा देतेय, कारण त्यात माणूस पडलाय.

ताई, नमस्कार. हायब्रिड सायकल घेऊन १४ महिने झाले, साधारण ३००० किमी झाले असतील. गेल्या महिन्यात बोपदेव घाट चढताना उजवा क्रँक (पेडल ज्या दांड्याला बसतं तो) पेडलच्या भोकापाशी कटकन तुटला. मी पडलो, मनगट फ्रॅक्चर. दुकानात म्हणाले, तुमचं वजन ८४ किलो, वर घाट चढवता, ओव्हरलोड झालाय, आणि वॉरंटी एक वर्षाचीच होती. आता ते तुटलेला क्रँक कंपनीला पाठवायला मागतायत. देऊ का? — एक वाचक, कोंढवा

शेवटचा प्रश्न आधी घेते, तोच घाईचा आहे. तसाच हातात देऊ नका. तुटलेला पार्ट हा तुमचा एकमेव साक्षीदार आहे आणि तो एकदा गेला की परत येत नाही, "कंपनीने तपासलं, दोष नाही" एवढी एक ओळ येते आणि विषय संपतो. आधी दोन्ही तुकड्यांचे फोटो काढा, दिवसाच्या उजेडात, अगदी जवळून, शेजारी फूटपट्टी ठेवून. तुटलेला भाग पुसू नका, रॉकेलने धुऊ नका, आणि मुख्य म्हणजे दोन तुकडे एकमेकांना जुळवून बघू नका. हे सगळेच करतात, पण तुटलेल्या तोंडावरच्या बारीक खुणा त्यात घासून जातात. कोरड्या कागदात वेगवेगळे गुंडाळून ठेवा. द्यायचाच झाला तर दुकानदाराकडून लेखी पोच घ्या, तीत पार्टचं वर्णन, तारीख आणि "तपासणीनंतर परत देणार" हे शब्द हवेत.

आता तो तुकडा हातात घेऊन नीट बघा. मी आठ वर्षं मटेरिअल टेस्टिंगच्या लॅबमध्ये होते, दिवसभर हेच काम, तुटलेली वस्तू बघायची आणि ती कशी तुटली ते सांगायचं. तुटलेल्या तोंडावर दोन वेगळे भाग दिसतायत का बघा. एक भाग गुळगुळीत, थोडा काळपट, त्यावर एकाशेजारी एक वाकड्या रेषा. उन्हाळ्यात खडकवासल्याचं पाणी उतरत जातं तेव्हा काठावर एकाखाली एक रेषा राहतात ना, हुबेहूब तशा. दुसरा भाग खडबडीत, दाणेदार, ताज्या धातूसारखा चमकणारा. असं असेल तर तुमचा क्रँक त्या दिवशी घाटात तुटलाच नाही, तो कित्येक आठवडे तुटत होता. एका बारीक चिरेतून सुरुवात झाली, प्रत्येक पायडलला चीर केसाएवढी पुढे सरकली, आणि उरलेला धातू ज्या दिवशी कमी पडला त्या दिवशी तुम्ही पडलात. याला फटीग म्हणतात, धातूचा थकवा. आणि सगळंच्या सगळं तोंड खडबडीत असेल, क्रँक वाकलेलाही असेल, तर मात्र ते एका दणक्यात झालंय, म्हणजे अपघात, खड्डा, कशावर तरी आपटणं.

पेडलच्या भोकापाशी तुटलाय म्हटल्यावर मला पहिल्या प्रकाराचीच शंका जास्त आहे. ती जागाच नाजूक असते. पेडलच्या दांड्याचा खांदा क्रँकच्या तोंडावर दाबून बसलेला असतो, चालवताना तिथे अगदी सूक्ष्म हालचाल होत राहते, त्याने धातूवर बारीक ओरखडे पडतात आणि चिरेला तिथूनच वाट मिळते. शिवाय अ‍ॅल्युमिनियमचं एक आहे, स्टीलसारखी त्याला सुरक्षित मर्यादा नसते, की अमुक जोराच्या खाली कितीही वेळा भार दिला तरी चालतंय. लहान भारसुद्धा मोजला जातो. आणि भार किती वेळा येतो बघा, ताशी १८ किमीने, मिनिटाला ७० फेऱ्यांनी चालवलं तर एका किलोमीटरला साधारण २३० फेऱ्या होतात, म्हणजे ३००० किमीला सात लाखाच्या आसपास. आकडा मोठा वाटतो पण क्रँकसाठी हा काही जास्त नाही, चांगले क्रँक लोक वीस-तीस हजार किमी आरामात वापरतात.

म्हणून "वापरून झिजला" हे उत्तर मला मान्यच नाही. झीज वेगळी आणि तुटणं वेगळं. ब्रेकपॅड झिजतो, चेन झिजते, टायर झिजतो, ते झिजण्यासाठीच असतात. क्रँक झिजण्याची वस्तू नाहीये. आणि घाट चढवणं हा सायकलचा गैरवापर कधीपासून झाला? पुण्यातून कुठल्याही दिशेला निघा, घाट लागतोच! ८४ किलोचंही तेच. सायकलच्या मॅन्युअलमध्ये वजनाची मर्यादा छापलेली असते, ती काढून बघा, तुम्ही त्या मर्यादेत असाल तर ओव्हरलोड हा शब्द त्यांनी मागे घ्यायला हवा.

पण समोरची बाजूही सांगते, कारण कंपनी ती मांडणारच आहे. पेडल सैल असताना सायकल चालवली असेल तर तीच जागा कितीतरी लवकर जाते. भोकातले आटे बघा, स्वच्छ आणि धारदार आहेत की चेपलेले, खाल्लेले आहेत. मधे कधी तुम्ही पेडल बदललं होतं का, ते कोणी बसवलं? उजव्या पेडलचे आटे सरळ, डाव्याचे उलटे, आणि जबरदस्तीने तिरकं बसवलेलं पेडल मी पुण्यातल्या चांगल्या चांगल्या दुकानात बघितलंय. आटे खराब असतील तर तुमची बाजू कमजोर होते हे धरून चाला, आणि पेडल त्याच दुकानात बसवलं असेल तर जबाबदारी त्यांच्याकडे वळते हेही.

कायद्याचं थोडक्यात. वॉरंटी १२ महिन्यांची असली तरी तक्रार करायची मुदत ही वेगळी गोष्ट आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, जो २० जुलै २०२० पासून लागू झाला, त्यात तक्रारीला कारण घडल्यापासून २ वर्षं दिलीयत. शिवाय तुम्हाला इजा झालीय, त्यामुळे प्रॉडक्ट लायबिलिटीचं प्रकरण लागू होऊ शकतं, म्हणजे सदोष वस्तूमुळे झालेल्या इजेची भरपाई, त्यात हॉस्पिटलचा खर्चही मागता येतो. हॉस्पिटलची सगळी बिलं, एक्स-रे, सुट्टीचे कागद एका फाइलीत लावा. आधी दुकान आणि कंपनी दोघांना लेखी कळवा, मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, बरीच प्रकरणं इथेच मिटतात. नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील असलाच पाहिजे असं नाही, ऑनलाइन दाखल करता येतं, आणि कंपनीचं ऑफिस दिल्लीत असो की लुधियानात, तुम्ही राहता तिथल्या आयोगात करता येतं. कलम ३८ प्रमाणे आयोग वस्तू लॅबमध्ये तपासायला पाठवू शकतो, लॅबची फी कदाचित तुम्हाला भरायला सांगतील. म्हणूनच तो तुकडा जपा म्हणतेय. ग्राहक पंचायतीची चळवळ बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली आपल्याच गावात सुरू केली, त्या परंपरेतले कार्यकर्ते आजही पुण्यात मार्गदर्शन करतात, एकटं वाटलं तर त्यांच्याकडे जा.

सेकंडहँड रोडबाइक घेतलीय, शिमानो अल्टेग्रा आर८००० ग्रुपसेट (गिअर, ब्रेक, क्रँकचा एकत्र संच). मित्र म्हणतो हे क्रँक आपोआप सुटतात. खरं आहे का, आणि बिल माझ्या नावावर नाही तर काही मिळेल का? — वाचक, बाणेर

आपोआप नाही, पण मित्राची काळजी बरोबर आहे. शिमानोने सप्टेंबर २०२३ मध्ये काही क्रँकची तपासणी जाहीर केली, जून २०१२ ते जून २०१९ या काळात बनलेले ११ स्पीडचे (मागे ११ गिअर असलेले) काही अल्टेग्रा आणि ड्युरा-एस क्रँक, ज्यात तुमचं एफसी-आर८००० मॉडेल येतं. हे क्रँक आतून पोकळ, दोन भाग चिकटवून केलेले असतात, आणि तो चिकटवलेला जोड सुटू शकतो. एकट्या उत्तर अमेरिकेत साडेसात लाखांच्या वर क्रँक यात होते, तिथल्या सरकारी यंत्रणेकडे जोड सुटल्याच्या साडेचार हजारांहून जास्त घटना आणि ६ जणांना इजा अशी नोंद होती. इतर देशांत मोफत तपासणी, आणि खराब निघाला तर बदली, असं ठेवलं होतं. क्रँकच्या आतल्या बाजूला दोन इंग्रजी अक्षरांचा कोड कोरलेला असतो, त्यावरून कधीचा आहे ते कळतं. ही सुरक्षेची तपासणी आहे, नेहमीची वॉरंटी नाही, तेव्हा बिल नसलं तरी अधिकृत डीलरकडे जाच. तोपर्यंत स्वतः एवढं करा, क्रँक स्वच्छ पुसून जोडाच्या रेषेवर नख फिरवा, कुठे फट लागतेय का, आणि जोरात पायडल मारल्यावर नवीन कट-कट आवाज येतोय का. येत असेल तर चालवू नका.

मागच्या अंकात तुम्ही लिहिलं होतं की चेन दर २००० किमीला बदला म्हणजे कॅसेट (मागच्या चाकावरची दातेरी चक्रं) वाचते. मी २६०० ला बदलली, तर नवीन चेन मागच्या दोन लहान चक्रांवर उड्या मारतेय. दुकानदार चेन बदलून देत नाहीये, म्हणतो चेन चांगली आहे. डिफेक्टिव्ह चेनवर वॉरंटी नसते का? — एक वाचक, धायरी

दुकानदार बरोबर आहे, आणि मी तो सरसकट आकडा द्यायला नको होता, तेवढी दुरुस्ती इथे करते. किलोमीटरवर जाऊ नका, मोजमापावर जा. पुण्याच्या पावसात, मेट्रोच्या आणि रस्त्याच्या कामांच्या चिखलातून रोज धायरी ते स्वारगेट करणाऱ्याची चेन हजार-बाराशेत जाते, आणि फक्त रविवारी कोरड्या रस्त्यावर जाणाऱ्याची चार हजार टिकते.

एक स्टीलची फूटपट्टी घ्या, प्लॅस्टिकची नको. चेन ताणलेली ठेवून एका पिनच्या मध्यावर शून्य धरा. नवीन चेनमध्ये १२ इंचावर, म्हणजे ३०४.८ मिलिमीटरवर, बरोब्बर पुढच्या एखाद्या पिनचा मध्य येतो. तो मध्य १/१६ इंच पुढे गेला (३०६.४ च्या आसपास) की चेन बदला. १/८ इंच पुढे गेला (३०८) म्हणजे उशीर झाला, कॅसेटही गेली. ११ आणि १२ स्पीडवाल्यांनी तर १/१६ पर्यंतही थांबू नये, ३०६ दिसलं की बदलावी. लोक म्हणतात चेन ताणली जाते, तसं काही नसतं, पट्ट्या आहेत तेवढ्याच राहतात, आत पिना झिजतात आणि प्रत्येक जोडात थोडी थोडी जागा वाढते. मग त्या लांबलेल्या चेनने कॅसेटचे दाते आपल्या मापाने कोरून काढलेले असतात आणि नवीन चेनचं माप त्यांना जुळत नाही. तुम्ही जी दोन चक्रं सगळ्यात जास्त वापरता तिथेच चेन उड्या मारणार. ही झीज आहे, यात कोणाचाच दोष नाही. जुनी चेन फेकली नसेल तर ती मोजून बघा म्हणजे तुमची खात्री होईल, आणि कॅसेट बदला.

ताई, माझ्या सायकलच्या मागच्या चाकाच्या तारा तुटत सुटल्यात. १५०० किमीत चार. दर वेळी दुकानदार एक तार टाकून आउट काढून (चाक सरळ करून) देतो, दीडशे-दोनशे रुपये घेतो, पंधरा दिवसांत शेजारची जाते. कंपनी म्हणते तारा कन्झ्युमेबल आहेत. — कॉलेजला रोज सायकलने जाणारी, वारजे

तारा कन्झ्युमेबल आहेत हे मला कोणी तोंडावर म्हटलं तर मी भांडेन. नीट बांधलेल्या चाकाच्या तारा रिम झिजून गेली तरी टिकतात.

कुठून तुटल्या हे तू लिहिलं नाहीस, आणि सगळं त्यावर आहे. हबपाशी, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाशी, तार जिथे वळते त्या वळणात तुटल्या असतील तर तो थकवा आहे, आणि त्याचं कारण बहुतेक वेळा चाक मुळात सैल किंवा कमीजास्त ताणाचं बांधलेलं असतं. लोकांना वाटतं जास्त ताण दिला की तार तुटते, होतं उलटं. चाक फिरताना जी तार खाली येते तिच्यावरचा ताण क्षणभर कमी होतो आणि वर जाताना परत येतो. चाकाचा घेर साधारण २.१ मीटर धरला तर एका किलोमीटरला ४७५ वेळा, १५०० किमीला सात लाख वेळा. ताण चांगला असेल तर तार बसलेली राहते. सैल असेल तर दर फेरीला त्या वळणात हलते, जशी आपण हाताने तार पुढेमागे वाकवून तोडतो तसंच, फक्त हळूहळू. मागच्या चाकात गिअरच्या बाजूला ताण जास्त आणि डाव्या बाजूला त्याच्या जवळजवळ निम्मा असतो, त्यामुळे मशीनवर घाईत बांधलेल्या मागच्या चाकात हा त्रास जास्त.

आणि एक तुटली की शेजारच्यांवर बोजा येतो, त्या आधीच अर्ध्या मेलेल्या असतात. म्हणून एक-एक बदलणं म्हणजे पैसे आणि वेळ दोन्ही वाया. तिसरी तुटली तेव्हाच दुकानदाराने सांगायला हवं होतं की सगळ्या तारा काढून चाक नव्याने बांधू, हब आणि रिम चांगली असेल तर तीच राहते. चांगला चाक बांधणारा माणूस पुण्यात अजून आहे, नाना पेठेत, रविवार पेठेत विचारत गेलीस तर सापडतो, आणि तार बोटाने छेडून आवाजावरून ताण ओळखणारे ते लोक आहेत, त्यांना मान दे आणि पैसेही दे.

पण तारा मधूनच तुटल्या असतील, किंवा गिअरच्या बाजूच्या तारांवर खाचा दिसत असतील, तर कधीतरी चेन सगळ्यात मोठ्या चक्रावरून आत पडून तारांत अडकलीय. ते गिअरचं सेटिंग चुकल्यामुळे होतं, कंपनीला काही म्हणता येणार नाही. सेटिंग ज्याने केलं त्याला विचार. आणि मागे कॅरिअरवर मैत्रिणीला बसवून जात असशील तर ते आधी बंद कर, क्लेम करताना तो प्रश्न पहिला येतो.

वळणातच तुटल्या असतील आणि सायकलला वर्ष झालं नसेल तर कंपनीला असं लिही, तारा बदलून मागत नाही, चाकाची बांधणी सदोष आहे म्हणून पूर्ण चाक मागतेय. चारही वेळच्या दुरुस्तीची बिलं जोड. बिलं नसतील तर पुढच्या वेळी मागून घे. पावती द्यायला टाळाटाळ करणं हे ग्राहक कायद्यात अनुचित व्यापार प्रथेत येतं, तेव्हा मागायला लाजायचं काही कारण नाही.

मुलाला सातवीत असताना गिअरची सायकल घेतली, आता तो दहावीत. फ्रेमवर लाइफटाइम वॉरंटी आहे. सीटच्या खाली, जिथे आडवा पाइप जोडलाय तिथे चीर गेलीय. कंपनीने फोटो बघून क्लेम नाकारला, कारण "सीटपोस्ट मर्यादेबाहेर". म्हणजे काय? वेल्डिंग करून घेऊ का? — एक पालक, सिंहगड रोड

सीटपोस्ट म्हणजे सीटची दांडी, ती फ्रेममधून पूर्ण बाहेर काढा. तिच्यावर खालच्या बाजूला आडव्या रेषा किंवा "मिनिमम इन्सर्ट" असं कोरलेलं असतं. ती खूण फ्रेमच्या आत झाकलेली राहायलाच हवी. मुलगा तीन वर्षांत एकदम उंच झाला असणार, दर वेळी सीट बोटभर वर घेतली असणार, घरोघरी हेच होतं. दांडी किती आत होती हे दांडीच सांगते, आत बसलेल्या भागावर घासल्याचे ओरखडे असतात, त्यांच्या वरच्या टोकापासून दांडीच्या खालच्या टोकापर्यंत मोजा. खूण त्या ओरखड्यांच्या वर, उघड्या भागात येत असेल तर कंपनीचं म्हणणं योग्य आहे. दांडी आत कमी असली की तिचं खालचं टोक पहारीसारखं काम करतं, वर बसलेल्या माणसाचं सगळं वजन पाइपच्या तेवढ्याच तोकड्या भागावर उचकटल्यासारखं येतं. आडव्या पाइपच्या जोडाच्या खालपर्यंत दांडी गेलेली असावी लागते, म्हणून चीर नेमकी तिथे.

पण खूण आतच झाकलेली होती असं निघालं तर मोजमापाचे फोटो पाठवून क्लेम परत उघडायला सांगा, फोटोवरून नाकारलेला क्लेम मोजमापावरून फिरू शकतो. "लाइफटाइम"चा अर्थही वॉरंटी कार्डात वाचून घ्या, बहुतेक ठिकाणी ती पहिल्या मालकापुरती असते आणि काही ठिकाणी रजिस्ट्रेशन केलेलं असेल तरच.

वेल्डिंग अजिबात नको, तुमची फ्रेम अ‍ॅल्युमिनियमची असेल असं धरून सांगतेय. फ्रेम स्टीलची असती तर चांगल्या हाताने जोडून घ्या म्हटलं असतं. अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम कारखान्यात वेल्डिंगनंतर उष्णतेची प्रक्रिया करून कडक केलेली असते, परत वेल्डिंग केलं की जोडाच्या आसपासचा भाग मऊ पडतो आणि चीर शेजारून निघते. क्लेम नाकारला तरी कंपनीला विचारा, सवलतीत नवीन फ्रेम देता का. काही कंपन्या देतात, फक्त विचारावं लागतं. आणि नवीन घ्याल ती मुलाच्या आत्ताच्या उंचीची घ्या.

मी गेली २२ वर्षं सायकलचं दुकान चालवतो. तुमच्या सदरात नेहमी दुकानदारच चोर ठरतो. गाडी धुवायच्या सेंटरवर प्रेशरने सायकल धुऊन आणतात, बेअरिंगमध्ये पाणी, आणि म्हणतात सहा महिन्यांत हब गेला, बदलून द्या. सायकल आडवी पडून हँगर (मागचा गिअर ज्यावर लटकतो ती पट्टी) वाकतो, गिअर तारांत जाऊन तुटतो, तरी वॉरंटी. कंपनी आम्हाला काही देत नाही, आम्ही खिशातून द्यायचं का? — सायकल विक्रेते, पिंपरी

दादा, तुमचं म्हणणं छापतेय कारण ते खरं आहे. वाचकांनीही ऐका. प्रेशर वॉशरचा फवारा हब, बीबी (दोन क्रँकमधला दांडा आणि बेअरिंग) आणि हेडसेटवर (हँडलखालची बेअरिंग) मारायचा नसतो, सील धूळ आणि शिंतोडे अडवतं, तो फवारा नाही अडवत. ग्रीस निघून जातं, छर्रे गंजतात, आणि उघडल्यावर लाल-तपकिरी चिखल निघतो, तो बघून कोणीही सांगेल काय झालं ते. बादलीभर पाणी आणि ब्रश पुरतो. हँगरचंही तसंच, तो मुद्दाम मऊ केलेला असतो, सायकल पडली तर फ्रेमऐवजी त्याने वाकावं म्हणून. सोसायटीच्या पार्किंगमध्ये कोणाच्या स्कूटरने पाडली असेल तर तो वॉरंटीचा विषय नाही, गिअर टाकताना कुरकुर सुरू झाली की लगेच सरळ करून घ्या, नाहीतर पुढे मागचा गिअरच जातो.

पण तुम्हालाही एक मनापासून सांगते. पार्ट उघडाल तो गिऱ्हाइकासमोर उघडा. जॉबकार्डवर लिहा, "बेअरिंगमध्ये गंज व पाणी", फोटो काढा, त्याच्या फोनवर पाठवा. वर्षातून दोनदा जे ओव्हरहॉलिंग होतं, ज्याला आपण सगळे ओव्हरऑइलिंग म्हणतो, त्यात काय काय बदललं ते लिहून द्या. माणसाला नकाराचा राग कमी येतो, काउंटरवरून न बघता आलेल्या "यूजमुळे गेलं" याचा जास्त येतो. आणि बिलावर "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" छापलं असेल तर ते काढा, सदोष माल परत घ्यायला नकार देणं कायद्याला मान्य नाही, बिलात मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवस धरतात. कंपनी तुम्हाला दाद देत नसेल तर तोही लढा आहे, पण तो गिऱ्हाइकाच्या अंगावर ढकलू नका. तुमच्याकडे कंपनीने नाकारलेल्या क्लेमचे ईमेल असतील तर पाठवा, नाव न छापता त्यावर पुढच्या अंकात लिहीन.

मुलीसाठी ऑनलाइन सायकल मागवली, घरी येऊन माणूस जोडून गेला. दोन महिन्यांत डावा क्रँक सैल होतोय. मी घरच्या ॲलन कीने आवळतो, चार दिवसांनी परत तेच. कंपनी म्हणते चूक जोडणाऱ्याची, जोडणारा म्हणतो पार्ट खराब. — वडील, हडपसर

डावा क्रँक काढून त्याचं चौकोनी भोक बघा. कोपरे सरळ, धारदार आहेत की गोलसर झालेत? बीबीचा दांडा स्टीलचा, क्रँक अ‍ॅल्युमिनियमचा. सैल असताना शंभर-दीडशे मीटर चालवली तरी कठीण दांडा मऊ भोक चेपायला लागतो, आणि एकदा भोक गोल झालं की कितीही आवळा, तो बसत नाही. तिथला बोल्ट ३५ ते ५० न्यूटन मीटरने आवळायचा असतो, म्हणजे वीतभर लांब पान्ह्याच्या टोकाला जवळजवळ वीस किलोचा जोर. घरच्या छोट्या ॲलन कीने तेवढा होतच नाही, जोडणाऱ्याकडेही बहुधा तीच की होती.

बहुतेक हे जोडणीतलंच आहे असं मला वाटतं, पण तुम्ही त्या दोघांच्या भांडणात पडूच नका. सायकल ज्याच्याकडून घेतली आणि जोडणी ज्याच्या किमतीत धरली होती, त्याच्याकडे एकच लेखी तक्रार करा, जोडणीसकट वस्तू तुम्ही विकलीत, क्रँक बदलून द्या. जोडायला आला त्या दिवशीचा मेसेज, ऑर्डरचा स्क्रीनशॉट, भोकाचा फोटो जोडा. "मी परत परत आवळलं" हेही खरं ते लिहा, लपवू नका, सैल झालं कधी आणि कळवलं कधी या तारखा महत्त्वाच्या आहेत. बदलून आला की फक्त क्रँक नको, बोल्टही नवा आणि टॉर्क पान्ह्याने (जोर मोजून आवळायच्या पान्ह्याने) आवळलेला हवा, आणि पन्नास-शंभर किमीनंतर एकदा परत तपासून घ्या. तोपर्यंत मुलीला ती सायकल देऊ नका, शाळा दोन गल्ल्या पलीकडे असली तरी, उभं राहून पायडल मारताना क्रँक निघाला तर मुलं सरळ हँडलवर तोंडावर पडतात.